एकशे दोन पिल्लं आणि तीन वेगळ्या मरतुकी

पाटण तालुक्यातल्या ढेबेवाडी खोऱ्यातलं हे प्रकरण आहे. कुटुंबाच्या संमतीनं लिहितोय. नाव आणि वाडी मुद्दाम देत नाही. चार आठवड्यांत एका घरातली कोंबडीची १०२ पैकी २६ पिल्लं मेली. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि पुडीतून औषध देणाऱ्या दुकानदारानंही या सगळ्याला एकच नाव दिलं होतं: मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. प्रत्यक्षात मानमोडीचा त्यात संबंधच नव्हता. जवळजवळ सगळी पिल्लं तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या कारणांनी मेली, आणि त्यातलं पहिलं कारण तर रोगसुद्धा नव्हतं. पहिल्यांदा पिल्लं आणणाऱ्या कुठल्याही घरात हे घडू शकतं, म्हणून सविस्तर मांडतो.

घरात तिघी. नवरा मुंबईला कामाला, इथं वहिनी, त्यांच्या सासूबाई आणि नववीतली लेक. वहिनी बचत गटात होत्या. गटातून थोडं कर्ज मिळालं आणि त्यांनी गिरिराज जातीच्या कोंबडीची शंभर पिल्लं सांगितली. आणायची वेळ ठरवली जूनचा शेवटचा आठवडा. त्यामागचा विचार पक्का होता. अडीच-तीन महिन्यांत नर दीड-दोन किलोचे होतात. आता आणली तर श्रावण, गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र खाण्यापिण्याच्या बंधनात जाईल, तोवर पिल्लं वाढतील, आणि दसऱ्यानंतर गिऱ्हाईक दारात येईल. माद्या ठेवून घ्यायच्या, त्या साधारण सहाव्या महिन्यात अंड्यावर येतील. बाजाराच्या दृष्टीनं यात काही चूक काढता येत नाही. फक्त पिल्लांच्या पहिल्या महिन्यासाठी या खोऱ्यात आषाढाइतका अवघड काळ दुसरा नाही. पाऊस धरलेला असतो, हवा ओली असते, तूस वाळत नाही आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

जागा म्हणजे गोठ्याला लागून असलेली कौलारू खोली, साधारण दहा बाय बारा फूट, शेणानं सारवलेली जमीन, एक खिडकी. खाली भाताच्या तुसाची गादी, त्यावर पहिल्या दिवसांसाठी रद्दीचे कागद.

पहिल्या तीन रात्री

पेटी कराडहून दुपारी आली. शंभराची पेटी, चार कप्पे, एकेका कप्प्यात पंचवीस, वर उबवणी केंद्रानं दिलेली दोन जास्तीची. उतरवून घेताना वहिनींनी केलेलं सगळं बिनचूक होतं, हे आवर्जून सांगतो. आधी गुळाचं कोमट पाणी, एकेका पिल्लाची चोच हलकेच बुडवून. दोन-तीन तासांनी भरडलेला मका कागदावर पसरून. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन दिवस काढतं. म्हणून तर इतका प्रवास त्याला झेपतो. पण पाण्यावाचून ते लवकर सुकतं. आधी पाणी, मग दाणा, हा क्रम त्यांनी पाळला.

ऊब मात्र नव्हती. तालुक्याच्या दुकानात जुने पिवळे बल्ब मिळाले नाहीत. दुकानदारानं ९ वॅटचे दोन एलईडी दिले, आणि उजेड साठच्या बल्बाएवढा पडेल असं सांगितलं. उजेडाचं म्हणणं खरंच होतं. जुन्या तारेच्या बल्बात जवळजवळ सगळी वीज उष्णतेत जाते, उजेड हा त्याचा छोटासा भाग. एलईडी त्याच्या नेमका उलट कामासाठी बनवलेला. दोन बल्ब मिळून १८ वॅट, आणि त्यातली जी काही उष्णता होती ती वर बल्बाच्या बुडाशी राहत होती. खाली पिल्लांच्या पाठीपर्यंत काहीच पोचत नव्हतं.

पहिल्या रात्री चार गेली, दुसऱ्या रात्री पाच, तिसऱ्या रात्री दोन. शिवाय कागदावर घसरून पाय फाकलेली दोन पिल्लं उठलीच नाहीत. एकूण तेरा. कागद गुळगुळीत असला की पहिल्या दिवसांतलं पिल्लू त्यावर पाय रोवू शकत नाही. कागदावर तूस भुरभुरलं, किंवा कागदाऐवजी जुनं गोणपाट अंथरलं, तर हे टळतं.

मला निरोप आला तोवर दुकानदाराकडून अँटिबायोटिकची पूड आणून पाण्यातून सुरूही झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "मानमोडी हाय ही. आमच्या येळंला आख्ख्या वाडीच्या कोंबड्या बसल्या व्हत्या." वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, लाईट तर रातभर चालू व्हती. उजेड एवढा, की पेपर वाचावा."

मी पशुधन पर्यवेक्षक, पण गावात जनावराला सुई देणारा प्रत्येक जण डॉक्टर. मी विचारलं ते एकच: मेलेली पिल्लं सापडली कुठं? याचं उत्तर लेकीकडे होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात तिनं आकडा लिहिला होता, आणि शेजारी बारीक अक्षरात "खिडकीचा कोपरा". तिन्ही दिवशी तोच कोपरा. पुढं विचारल्यावर तिनं सांगितलं की ती चपटी झालेली होती, अंग ओलं होतं, आणि बाकीची पिल्लं त्यांच्यावर चढून बसली होती.

याला रोग म्हणत नाहीत. थंडी लागली की पिल्लं एकमेकांत शिरतात, कोपरा मिळाला की तिथं रचली जातात, आणि तळाची गुदमरून, चेंगरून मरतात. पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. स्वतःची ऊब स्वतः धरून ठेवायची ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, मग दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत न्यायचं. त्या खोलीत रात्री वीस-बावीस अंश होते.

काही पिल्लांचं मागचं तोंड विष्ठेनं बुजलं होतं. त्यालाच सगळे हगवण समजत होते. गारठलेल्या किंवा प्रवासात सुकलेल्या पिल्लांत हे नेहमी दिसतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं हळूच मऊ करून पुसायचं, ओढून काढायचं नाही, कातडी फाटते. पूड बंद करायला लावली. नसलेल्या रोगावर दिलेलं अँटिबायोटिक पिल्लाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतं आणि पुढं खऱ्या वेळी तेच औषध बोथट झालेलं असतं. आपल्याकडं ते इतक्या सहज हातात पडतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपाय त्याच दिवशी झाले. शेजारच्या घरी नव्या फ्रिजचा पुठ्ठा पडून होता. तो दीड फूट उंचीचा कापून सहा फूट व्यासाचं गोल कडं केलं. यालाच चिक गार्ड म्हणतात, आणि त्याचं खरं काम पिल्लं आत ठेवण्याइतकंच कोपरे नाहीसे करण्याचं आहे. पिल्लामागं दोन वॅट धरून कराडहून ६० वॅटचे तीन तारेचे बल्ब आणले आणि पत्र्याच्या टोपीखाली दीड फुटावर टांगले. लाईट गेली तर काय, यावर सासूबाईंनी निखाऱ्यांची शेगडी सुचवली. बंद खोलीत निखारे ठेवायला मी साफ नको म्हटलं. धुरानं आणि न दिसणाऱ्या विषारी वायूनं पिल्लंही जातात आणि राखणीला झोपलेलं माणूसही. त्याऐवजी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवायचं ठरलं. त्या आठवड्यात लाईट दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पिल्लं त्या कॅनना चिकटून नीट बसली.

थर्मामीटर त्यांच्याकडं नव्हता, आणि मी आग्रहही धरला नाही. पिल्लं कुठं बसलीत ते बघणं जास्त भरवशाचं असतं. बल्बाखाली गोळा होऊन कर्कश चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कड्याला टेकून, चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सोडून बसली असतील तर उकडतंय, वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वाऱ्याचा झोत येतोय, फट शोधा. आणि जोंधळा पेरल्यासारखी सगळीकडं सारखी विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय पसरून झोपलीत, असं दिसलं की काहीही करू नका. लेकीला हे एकदा सांगितलं. त्यानंतर रात्री झोपण्याआधी आणि पहाटे बल्बाची दोरी तीच वर-खाली करायची. चौथ्या रात्री एकही पिल्लू गेलं नाही.

लसीवर आलेला आळ

सातव्या दिवशी मानमोडीची पहिली लस, लासोटा, दिली. मॅरेक्स या दुसऱ्या रोगाची लस उबवणी केंद्रातच झाली होती. लासोटाची बाटली कराडहून बर्फाच्या थर्मासमध्ये आणली, कारण ती २ ते ८ अंशांत राहिली नाही तर आतला विषाणू मरतो आणि आपण नुसतं पाणी पाजत बसतो. पहाटे सौम्य उजेडात, एकेका पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. पिल्लानं डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत हातात धरायचं. ८९ पिल्लांना वेळ लागला, पण एकही चुकवलं नाही.

नवव्या दिवशी दोन मेली. दहाव्या दिवशी एक, अकराव्याला दोन, बाराव्याला दोन. वाडीत बोलणं सुरू झालं की लस टोचली आणि पिल्लं मेली. टोचली नव्हतीच, पण आळ आला की तपशील कोण बघतो. बचत गटातल्या दोघींनी स्वतःच्या कोंबड्यांना लस द्यायचा बेत तिथंच सोडला. मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. सात पिल्लांपेक्षा ते नुकसान मोठं होतं.

लासोटानंतर तीन-चार दिवस काही पिल्लं हलकं शिंकतात, ते अपेक्षित आहे. ती खातात-पितात आणि बरी होतात. ही पिल्लं शिंकत नव्हती. मान ताणून, चोच उघडून हवा ओढत होती, आणि आवाज मात्र काहीच नव्हता. घशात घरघर नाही, नाकाला पाणी नाही. खाणं कमी झालेलं, अंग हलकं. खऱ्या मानमोडीत हिरवट पातळ विष्ठा, लुळा पडलेला पाय किंवा पंख, पिळवटलेली मान दिसते, आणि लस न झालेल्या कळपात ती बघता बघता सगळीकडं पसरते. इथं ८९ पैकी दहा-बाराच आजारी, बाकीची ठणठणीत.

पुन्हा कॅलेंडर कामाला आलं. पाचव्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं होतं: "कडं मोठं केलं, दुसरं पोतं". ते दुसरं पोतं पडवीच्या टोकाला पागोळ्यांखाली उभं होतं. त्यात हात घातला तर आत तूस गरम, दबलेलं, आणि कुबट वास. मुठीत दाबून सोडलं तर हिरवट-राखाडी धूळ उडाली. भातगिरणीतून आणलं तेव्हा ते कोरडं होतं. आठवडाभर पावसाचे शिंतोडे खाऊन बुरशी धरली. पिल्लं दिवसभर तूस उकरतात, ती धूळ थेट फुप्फुसात जाते. पशुवैद्यकांनी ताजं मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं, तेव्हा फुप्फुसावर मोहरीपेक्षा बारीक पिवळट-पांढऱ्या गाठी होत्या. वहिनींनी त्या स्वतः पाहिल्या. गटातल्या त्या दोघींनाही बोलावून दाखवल्या. मला वाटतं, माझ्या तासभराच्या भाषणानं झालं नसतं ते त्या गाठींनी केलं.

या बुरशीवर कोंबड्यांसाठी परवडणारा इलाज जवळपास नाही. आजारी झालेली फारशी वाचत नाहीत. गादी बदलणं हाच उपाय. पिल्लं दुसऱ्या खोलीत नेली, जुनं तूस पाणी शिंपडून धूळ बसवून भरलं आणि शेतात लांब नेऊन टाकलं, जमीन पुन्हा सारवून कोरडी केली. नवं तूस गिरणीच्या आतल्या ढिगातलं आणलं आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलं. तूस मिळालंच नाही तर भुईमुगाच्या शेंगांची कोरडी टरफलं चालतात. लाकडाचा अगदी बारीक भुसा टाळावा, पिल्लं तो दाणा समजून खातात. तेराव्या दिवसापासून नवं पिल्लू आजारी पडलं नाही.

मेलेली पिल्लं तोवर ओढ्यात टाकली जात होती. ते थांबवून बांधावर खोल खड्डा घेतला आणि दर वेळी वर चुना टाकला. इथंच एक सांगून ठेवतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून नियम एकच आहे: एका रात्रीत मोठ्या संख्येनं कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर मेलेलं पाखरू घरी उघडायचं नाही, विकायचं नाही, हात न लावता सरकारी दवाखान्यात कळवायचं.

चौदाव्या दिवशी गंबोरो या आणखी एका रोगाची लस पिण्याच्या पाण्यातून झाली. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीनं टाकलेलं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असतं आणि ते लस मारतं, म्हणून विहिरीचं पाणी घेतलं, त्यात थोडी दुधाची पूड विरघळवली, आणि आधी तासभर पिल्लांपुढचं पाणी उचलून घेतलं म्हणजे ती झटपट पितील. त्याच आठवड्यात एक पिल्लू घुशीनं नेलं. भिंतीच्या बुडाची बिळं काचा आणि सिमेंटनं बुजवली, तो प्रश्न मिटला.

चौथा आठवडा

आता ८१ पिल्लं होती, पंखांवर पिसं आली होती, कडं काढून त्यांना सगळी खोली दिली होती. चोविसाव्या दिवशी लेकीनं फोनवरून सांगितलं की गादीवर रक्त दिसतंय. पुढच्या दोन दिवसांत पाच गेली. उरलेल्यांपैकी बरीच पिसं फुलवून, पंख खाली सोडून, डोळे मिटून उभी.

रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. उघडलेल्या पिल्लाची दोन्ही आंधळी आतडी फुगून रक्तानं भरलेली होती. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांचा हा नेहमीचा शत्रू. याचे जंतू विष्ठेतून पडतात, पण पडल्या पडल्या ते रोग देऊ शकत नाहीत. त्यांना ओल, ऊब आणि दीड-दोन दिवस मिळाले की मगच ते पक्व होतात. कोरड्या गादीत ते फारसे पुढं जात नाहीत. या खोलीत एक कौल सरकून थेंब पडत होते, आणि पाण्याची भांडी जमिनीवर ठेवलेली असल्यानं भोवती हातभर चिखल झाला होता.

पण ओल हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं खाद्यात सापडलं. स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, महाग पडतं म्हणून पंधराव्या दिवसापासून त्यात निम्मी तांदळाची कणी आणि भरडलेला मका मिसळला जात होता. वहिनींनी हे लपवलं नाही; काटकसर होती, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. तयार स्टार्टर खाद्यात साधारण २० टक्के प्रथिनं असतात, आणि कॉक्सिडिओसिसला आवर घालणारं औषध बहुधा ठरलेल्या प्रमाणात आधीच मिसळलेलं असतं. त्यांच्या पोत्याच्या चिठ्ठीवर त्या औषधाचं नाव होतं. खाद्य निम्मं पातळ केलं की प्रथिनंही घटतात आणि औषधही निम्म्यावर येतं. पोत्याला शिवलेली ती चिठ्ठी वाचायची सवय घरात कुणालाच नव्हती, आणि खरं तर विकणाऱ्यानं ती वाचून दाखवायला हवी.

रक्ती हगवणीवरचं औषध अँप्रोलियम पाण्यातून पाच दिवस, पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मात्रेत सुरू झालं. सोबत वहिनी ताकदीसाठी व्हिटॅमिनचं टॉनिक देणार होत्या; ते पाच दिवस थांबवायला सांगितलं. अँप्रोलियम त्या जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. टॉनिकमधून तेच जीवनसत्त्व पुरवलं तर औषधाचा जोर जातो. टॉनिक नंतर दिलं. कौल बसवलं. ओली गादी खरवडून काढली, तिथं थोडा चुना भुरभुरून कोरडं तूस टाकलं, आणि रोज सकाळी दाताळ्यानं सगळी गादी खालीवर करायचं काम ठरवून घेतलं. पाण्याची भांडी विटांवर चढवली, कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला येईल इतकी. पिल्लं वाढतील तशा विटा वाढवायच्या. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. यातून वाचलेल्या पिल्लांच्या अंगात त्या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती येते, आणि ७६ पैकी पुढं एकही या कारणानं गेलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटाचा दुसरा डोस, सहाव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या आठवड्यात मानमोडीचीच पुढची लस, आर-टू-बी. ही शेवटची टोचायची असते, आणि ती टोचून घ्यायला गटातल्या त्या दोघी आपल्या कोंबड्या टोपलीत घालून स्वतः आल्या.

दसऱ्यानंतर नर गेले, माद्या राहिल्या. कर्ज फिटलं, नफा म्हणावा असा या खेपेला हाती आला नाही, कारण २६ पिल्लांबरोबर त्यांनी खाल्लेलं खाद्यही गेलं. पुढची पिल्लं फेब्रुवारीत आणायची ठरली आहेत, शंभर नाही, पन्नासच. माझा सल्ला तोच होता. विक्रीचा हंगाम थोडा चुकेल, पण रात्रीचा गारवा बल्बांना आवरतो. ओल कशालाच आवरत नाही. तोवर जुनी गादी शेतात गेली आहे, भिंतींना चुना मारून झाला आहे, आणि खोली तीन आठवडे रिकामी ठेवून वाळवायची आहे. तारेचे बल्ब लेकीनं कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेत, आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर लसींच्या तारखा आधीच लिहून टाकल्यात.